आमच्या गावचे हंगामी वसतिगृह: आजीजवळ राहिलेल्या दोन नातवंडांचा एक हंगाम

भाऊबीज आटोपली की आमच्या बीड जिल्ह्यातील शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी या तालुक्यांतील कितीतरी गावे आठवडाभरात निम्मी रिकामी होतात. ऊसतोडीसाठी मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली जोडपी, म्हणजे साखर कारखान्याच्या हिशेबातला एकेक कोयता, ट्रकमध्ये किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरून सांगली, सातारा, कोल्हापूरकडे किंवा थेट कर्नाटकातल्या कारखान्यांवर निघून जातात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. गावात उरतात ती म्हातारी माणसे आणि शाळेच्या वयाची नातवंडे. या मुलांनी आईबापांमागे उसाच्या फडावर जाऊ नये आणि त्यांची शाळा सुटू नये, म्हणून गावोगावच्या जिल्हा परिषद शाळांत हंगामी वसतिगृह चालवले जाते. गेल्या हंगामात माझ्या थोरल्या जाऊबाईंची दोन नातवंडे, चौथीतला नातू आणि दुसरीतली नात, आमच्या गावच्या वसतिगृहात होती. मी स्वतः प्राथमिक शिक्षिका म्हणून निवृत्त झाले आहे आणि जाऊबाईंच्या शेजारच्याच घरात राहते, त्यामुळे जवळपास पाच महिने ही सेवा मला रोज जवळून पाहता आली. गावाचे आणि शाळेचे नाव मी लिहीत नाही, कारण तिथे राबणारी माणसे मोजकीच आहेत आणि पुढे ज्या उणिवा मी लिहिणार आहे त्या त्यांच्या एकट्यांच्या नाहीत. पुढच्या दिवाळीला मुले कुठे ठेवायची, या विचारात जी घरे असतील त्यांना हा अनुभव उपयोगी पडावा, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

नावात वसतिगृह असले तरी आमच्याकडे मुले तिथे झोपत नाहीत, हे आधी सांगितले पाहिजे. सकाळी नाश्ता, दुपारी शाळेचा पोषण आहार, संध्याकाळी शाळेच्याच एका खोलीत अभ्यास आणि सातच्या सुमारास जेवण, असा दिवसाचा क्रम असतो, आणि रात्री मुले आजी-आजोबांकडे परततात. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी तिन्ही वेळचे जेवण वसतिगृहातच होते. नाव नोंदवणे अवघड नाही. दसऱ्याच्या आधी शिक्षक घरोघर फिरून कोणाचे आईवडील जाणार आहेत याची यादी करतात, आईवडिलांची संमती घेतात आणि गावातला पालक म्हणून आजी किंवा आजोबांचे नाव लिहून घेतात. शाळा व्यवस्थापन समिती सगळ्यावर देखरेख ठेवते. पैसे काही द्यावे लागत नाहीत. मात्र सहा वर्षांखालच्या मुलांना इथे जागा नाही, आणि पुढे ज्या गोष्टीबद्दल मी लिहिणार आहे तिची सुरुवात नेमकी इथून होते.

जेवणाबद्दल माझी तक्रार नाही. भाकरी, वरण, भात, एक भाजी आणि आठवड्यातून एकदा उसळ हे ठरलेले असायचे. स्वयंपाक करणाऱ्या मावशी गावातल्याच असल्यामुळे कोणत्या पोराला तिखट सोसत नाही हे त्यांना पाठ होते. सुरुवातीचे काही दिवस किराणा उधारीवर आणावा लागला, पण मुलांच्या ताटापर्यंत ती ओढाताण पोहोचू दिली नाही, याचे श्रेय मावशींना आणि मुख्याध्यापकांना दिले पाहिजे. अभ्यासाचेही तसेच. हंगामभर शाळेत टिकून राहिल्यामुळे नातवाला पाढे आले, नातीला जोडाक्षरे वाचता येऊ लागली. फडावर गेली असती तर यातले काहीच झाले नसते. तिथे थोरल्या मुलांच्या वाट्याला धाकट्यांना सांभाळणे, पाणी आणणे आणि मोळ्या बांधायला हात लावणे येते, हे मी नोकरीच्या काळात परत आलेल्या मुलांच्या तोंडून अनेकदा ऐकले आहे. तेव्हा मुले गावात ठेवावीत की बरोबर न्यावीत, या प्रश्नाचे माझे उत्तर निःसंशय गावात ठेवावीत असेच आहे.

पण पोट आणि पाटी एवढेच बघून सेवेची पारख केली तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखे होईल. आईबाप पाच महिने नजरेआड आहेत आणि सांभाळणारी आजी सत्तरीकडे झुकलेली आहे, अशा मुलाच्या मनात काय चालते, याचा विचार या सेवेत कुठे केलेला आहे, हे मी हंगामभर शोधत होते. केलेला होता तो मावशींनी आणि एका तरुण शिक्षिकेने, आपल्या बुद्धीने. लेखी नियमांत त्याला जागा मला तरी दिसली नाही.

पहिला आठवडा सगळ्यात कठीण गेला. आमच्याकडे एक जुनी रीत आहे की लेकरे रडतील म्हणून आईबाप पहाटे त्यांना झोपेत सोडून गाडीत बसतात. माझ्या पुतण्याने आणि सुनेनेही तेच केले. तीन वर्षांच्या धाकट्याला बरोबर नेले, कारण त्याला वसतिगृहात जागा नव्हती आणि जाऊबाईंच्या गुडघ्यांना त्याच्यामागे धावणे झेपले नसते. थोरली दोघे उठली तेव्हा अंगणात ट्रॅक्टरच्या चाकांच्या खुणा होत्या. नातू काही बोलला नाही. नात मात्र संध्याकाळपर्यंत एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत राहिली, “बाळाला नेलं, मला नाही नेलं.” आई कामाला गेली, हे तिला कळत होते. तिला न कळणारी गोष्ट वेगळी होती. तिघांतल्या एकाला उचलून घेतले आणि तिला ठेवले, ते ती काहीतरी चुकली म्हणून, असा अर्थ तिने स्वतःच लावून घेतला होता. वसतिगृहात त्या आठवड्यात वीस-बावीस मुले अशीच होती आणि त्यांच्यापुढे नेहमीसारखी हजेरी आणि प्रार्थना झाली. कोणीतरी त्यांना एकत्र बसवून, तुमचे आईबाप कुठे गेले, कशासाठी गेले, कधी येणार आणि तुम्हाला मागे का ठेवले, हे मुलांच्या भाषेत सांगितले असते तर त्या आठवड्यातली निम्मी रडारड तरी वाचली असती, असे मला आजही वाटते. शिक्षिका म्हणून मी नोकरीत होते तेव्हा मीसुद्धा हे केले नव्हते, आणि त्याचे मला वाईट वाटते.

कधी येणार, या प्रश्नाचे उत्तर अखेर मावशींनी दिले. पाडवा म्हणजे किती लांब हे सात वर्षांच्या मुलीला कळत नाही, पण आमच्या गावचा आठवडी बाजार तिला कळतो. मावशींनी वसतिगृहाच्या भिंतीवर कोळशाने वीस रेघा ओढल्या आणि दर बाजारच्या दिवशी एक रेघ पुसायचे काम मुलांकडे दिले. वीस बाजार झाले की गाड्या येतील. एखादा बाजार पुढे-मागे होईल, हेही त्यांनी तेव्हाच सांगून ठेवले. तिसऱ्या-चौथ्या रेघेनंतर माझ्या नातीचे सकाळी पोट दुखणे थांबले. त्याआधी ते रोज दुखायचे, आणि जाऊबाई तिला ओवा चावायला देत होत्या.

फोनचा प्रश्न त्याहून अवघड होता. ऊस तोडून, मोळ्या वाहून, गाडी भरून जोडपे कोपीवर, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीवर, येते तेव्हा रात्रीचे नऊ-दहा वाजलेले असतात, आणि रात्री उशिरा गाडी भरायला पुन्हा जावे लागले तर तेवढेही हाती लागत नाही. मुले त्या वेळी झोपलेली असतात, नाहीतर फोनची वाट पाहत मुद्दाम जागी राहतात. नातू असाच जागत राहायचा आणि दुसऱ्या दिवशी वर्गात पेंगायचा. त्याला आळशी म्हणून उभे केले गेल्याचे मला दोन आठवड्यांनी कळले. मी शाळेत जाऊन कारण सांगितल्यावर त्या तरुण शिक्षिकेने जो मार्ग काढला तो इतर गावांनीही उचलावा असा आहे. आईबापांनी रात्री सवडीने आवाज नोंदवून पाठवायचा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवणाआधी शिक्षिकेने आपल्या मोबाइलवर ज्याचा त्याला तो ऐकवायचा, मग मुलाने आपला निरोप परत नोंदवायचा. पुतण्या मुळात कमी बोलणारा. त्याचा पहिला निरोप जेमतेम अर्ध्या मिनिटाचा होता, “जेवला का, आजीला त्रास देऊ नको,” एवढाच, आणि मागे ट्रॅक्टरचा आवाज. नातवाने तो सात वेळा ऐकला. सातव्यांदा तो म्हणाला की ट्रॅक्टर आपल्याच मुकादमाचा आहे, आवाजावरून कळते. त्या रात्री तो साडेनऊला झोपला.

आता ज्या प्रसंगामुळे हे लिहायला बसले तो सांगते. पौषात एका संध्याकाळी नातवाच्या दप्तरात अर्धी भाकरी आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली भाजी सापडली. जेवण घरी न्यायचे नाही असा वसतिगृहाचा नियम आहे, आणि तो का आहे हे मी समजू शकते. त्या दिवशी देखरेखीला असलेल्या माणसाने चार मुलांसमोर त्याला चोर म्हटले. पोरगा दोन दिवस वसतिगृहात गेला नाही आणि का जात नाही हे त्याने आजीलाही सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याला माझ्या ओट्यावर ज्वारी निवडायला बसवले आणि हात चालू असताना विचारले, तेव्हा तो मान वर न करता म्हणाला, “आजी चूलच पेटवत नाही.” मी उठून जाऊबाईंच्या घरात गेले. चूल खरेच गार होती. मुलांची तिन्ही जेवणे वसतिगृहात होऊ लागल्यापासून एकट्या जिवासाठी कशाला सरपण जाळायचे म्हणून त्या चहा आणि शिळ्या तुकड्यावर दिवस काढत होत्या. शेजारी राहून मला ते दिसले नव्हते. दहा वर्षांच्या मुलाला दिसले, आणि आपल्या ताटातली भाकरी तो दीड महिना तिच्यासाठी वाचवत होता.

आजी-आजोबांनी वाढवलेल्या मुलांच्या मनाबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा लाडाने मुले बिघडतात, अभ्यास घेणारे कोणी नसते, असे बोलतो. या मुलांच्या मनावरचे खरे ओझे काळजीचे असते, असे मी या हंगामात शिकले. आईबाप दूर आहेत, आता आपल्याजवळ ही एकच म्हातारी आहे आणि तिला काही झाले तर आपले कोण, ही भीती त्यांच्या उशाशी असते. नात रात्री दोन-तीनदा उठून आजीच्या तोंडाजवळ हात नेऊन श्वास चालू आहे का पाहायची, हे जाऊबाईंनी मला हसत सांगितले होते, पण मला हसू आले नाही. मी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीच्या १४४१६ क्रमांकावर फोन केला. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही सेवा निःशुल्क आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. पलीकडच्या बाईंनी घाई न करता ऐकून घेतले आणि एक साधी गोष्ट सुचवली. “मला काही होत नाही” असे आजीने नातीला सांगू नये, कारण मुलीला ते खरे वाटणार नाही. त्याऐवजी आजीला बरे वाटेनासे झाले तर काय करायचे हे तिला नीट सांगून ठेवावे. आम्ही तसे केले. रात्र असली तरी चुलत आजीचे दार वाजवायचे, १०८ ला फोन लावायचा, गोळ्यांची पिशवी फडताळात वरच्या खणात आहे ती द्यायची, बाबांचा नंबर भिंतीवर लिहिला आहे. नातीने ते मला तीनदा म्हणून दाखवले आणि दुसऱ्याच रात्री माझे दार वाजवून पाहिले. मी उघडले. “काही नाही, बघत होते,” म्हणून ती परत गेली. त्यानंतर तिचे रात्रीचे उठणे हळूहळू कमी झाले. पूर्ण थांबले नाही.

भाकरीच्या प्रसंगानंतर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मी बोलले. ज्याने चोर म्हटले होते त्याने त्याच मुलांसमोर आपले चुकले असे सांगितले, ही गोष्ट मला मोठी वाटली. शासनाचे पैसे मुलांच्या जेवणापुरतेच असल्यामुळे आजी-आजोबांना त्यात वाटा देता येत नव्हता, तेव्हा गावातल्या पाच-सहा घरांनी ज्वारी आणि तूरडाळ दिली आणि माघापासून दर सोमवारी व गुरुवारी संध्याकाळी मुलांचे आजी-आजोबा शाळेतच जेवायला येऊ लागले. बारा-चौदा म्हातारी माणसे, त्यातल्या काहींनी आयुष्यात शाळेची पायरी चढली नव्हती, नातवंडांच्या मांडीला मांडी लावून बसायची. जेवण झाल्यावर कोणी गोष्ट सांगायचे, कोणी जात्यावरची ओवी म्हणायचे. जाऊबाईंनी एकदा स्वतः २५ वर्षे ऊसतोडीला गेल्याच्या दिवसांबद्दल सांगितले, कोपीत पाऊस शिरला तेव्हा तान्ह्या पुतण्याला भांड्यांच्या उतरंडीवर कसे ठेवले होते ते. नातवाने त्या दिवशी पहिल्यांदा मला विचारले की मग आजीला कोणी सांभाळले होते. तिलाही तिच्या आजीने.

एवढे सांगून झाल्यावर उणिवांबद्दल स्पष्ट लिहिते, कारण चांगुलपणावर चाललेली सेवा ती माणसे बदलली की बंद पडते. आजी-आजोबांकडून वसतिगृहाने हंगामात दोनदाच काही मागितले, आणि दोन्ही वेळा तो अंगठा होता. मुलाचे सांभाळणारे माणूस आजारी आहे का, उपाशी आहे का, त्याला बीपीची गोळी मिळते का, हे महिन्यातून एकदा तरी विचारले गेले पाहिजे, कारण त्या माणसाची तब्येत हीच त्या मुलाच्या मनाची तब्येत आहे. संध्याकाळी जेवणाआधीचा वेळ अभ्यासाचा म्हणून ठेवला आहे, पण दिवेलागणीला लहान मुलांना आईची सगळ्यात जास्त आठवण येते, आणि त्या वेळी पाटीवर डोके खुपसायला लावण्यापेक्षा खेळ किंवा गाणी ठेवावीत, अभ्यास सकाळी घ्यावा. सहा वर्षांखालच्या भावंडांसाठी अंगणवाडीची वेळ वाढवता आली तर ‘त्याला नेलं, मला नाही’ हा सल काही घरांत तरी उरणार नाही. आणि समुपदेशनाची माहिती असलेले कोणी माणूस तालुक्यातून हंगामात तीनदा जरी फिरले, सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, तरी शिक्षकांना कळेल की पेंगणारा मुलगा आळशी नसतो आणि पोट दुखणारी मुलगी ढोंगी नसते.

वर ‘शेवटी’ असे मी मुद्दाम लिहिले. हंगाम संपता संपता, पाडव्याच्या तीन दिवस आधी, गाडी आली. सून उतरली, काळवंडलेली, हातांना ऊसाच्या पाचटाने चिरा पडलेल्या, आणि तिने नातीला घ्यायला हात पुढे केले. नात आजीच्या पदरामागे लपली. दोन दिवस ती आईजवळ झोपली नाही, आणि आईने आणलेला नवा फ्रॉक तिने घातला नाही. सून माझ्याकडे येऊन रडली, म्हणाली, “काकू, लेक मला विसरली.” विसरली नव्हती. पाच महिने दाबून ठेवलेला राग आता ज्याच्यावर काढायचा ते माणूस समोर आले होते, आणि आजीला सोडून आईकडे गेले तर आजीला काय वाटेल, हीही तिची अडचण होती. मी सुनेला एवढेच सांगितले की हाक मारू नकोस, तिच्या जवळपास आपले काम करत राहा. पाचव्या दिवशी सून भाकऱ्या थापत असताना नात पाठीमागून येऊन तिच्या पाठीला टेकून बसली. हे सगळे घडत होते त्याच आठवड्यात वसतिगृह बंद झाले होते, भांडी मोजून कपाटात गेली होती, कारण आईबाप परतले की सेवेचे काम संपले असे मानले जाते. माझ्या मते वसतिगृहाची खरी गरज असलेला तो एक आठवडा होता, आणि समितीला मी लेखी दिले आहे की पुढच्या हंगामात आईबाप आल्यानंतर आठ दिवस तरी ते चालू ठेवावे आणि त्यात आई, आजी आणि मूल यांना एकत्र बसवावे.

यंदाही दोघांची नावे मी इथेच घालणार आहे, आणि ज्यांची मुले आजीजवळ राहणार आहेत त्यांनी गावात वसतिगृह असेल तर नाव जरूर घालावे, नसेल तर दसऱ्याच्या आधी मुख्याध्यापकांकडे मागणी करावी. माझ्या पुतण्याने या वर्षी दोन गोष्टी कबूल केल्या आहेत. पहाटे झोपेत सोडून जायचे नाही, मुले उठून, चहा पिऊन, गाडीपर्यंत येऊन निरोप देतील तेव्हाच गाडी हलेल. आणि जाण्याआधी भिंतीवरच्या वीस रेघा या वेळी तो स्वतः ओढून जाईल. नातीने कोळसा आत्ताच काढून ठेवला आहे.